ठक!

निफाडचा पारा बातम्यांत झळकला की नाशिककर स्वेटर चढवून मिसळ खायला निघतो. डिसेंबरातल्या त्या रविवारी आम्हीही निघालो. मखमलाबाद रोडला मिसळ हाणली, वरून दही चापलं, गाडीत बसलो, किल्ली फिरवली. बॉनेटखालून एकच आवाज आला. ठक.

परत फिरवली. ठक.

मिसळीसाठी नंबर लावून बसलेली माणसं रिकामीच असतात. पाच मिनिटांत गाडीभोवती सात तज्ज्ञ जमले आणि निकाल एकमताने लागला: "बॅटरी उतरलीय!" आता, उतरलेल्या बॅटरीवर सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, मारला तर बहुधा कटकटकट होतं आणि दिवे मलूल होतात. माझे दिवे लख्ख होते, हॉर्न ठणठणीत होता. शिवाय अशाच एका तज्ज्ञाचं ऐकून मी महिन्यापूर्वी नवी कोरी बॅटरी बसवली होती. पण ऐकतो कोण? शेवटी किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, मागे सात तर्रीबाज. वेग आल्यावर क्लच सोडला, गाडीने हिसका दिला आणि इंजिन धडधडलं. गॅरेजच्या वाटेवर पुढचं संकट द्वारका चौक. त्या कोंडीत इंजिन बंद पडलं तर धक्का मारायलाही जागा नाही.

गॅरेजात मिस्त्रीने किल्ली फिरवली. लगेच चालू! "काका, चालतीये की." माझं तोंड बघण्यासारखं झालं. चौथ्यांदा मात्र ठक आलं, आणि मला लॉटरी लागल्यासारखा आनंद झाला. तो पान्हा घेऊन खाली शिरला, सेल्फवर दोन टिचक्या मारल्या, बायकोला किल्ली फिरवायला सांगितली. लागला! "कार्बन संपलेत," खालून आवाज आला.

सेल्फ काढून त्याने मला धडाच दिला. किल्ली फिरवली की सोलनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा चुंबक, दोन कामं करतो: पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगमध्ये अडकवतो आणि मोटरला जाडजूड वायरचा करंट जोडतो. घरचा दोन हजार वॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास घेतो. हा पठ्ठ्या बारा व्होल्टवर दीडशेच्या पुढे सहज जातो, म्हणून काम सेकंद-दोन सेकंदांचंच. पिनियन म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. इंजिन संसाराला लागलं की त्याने बाजूला व्हायचं. घुटमळला तर चिंधड्याच, म्हणून त्याला एकाच दिशेने जोर देणारा क्लच दिलेला असतो. हा करंट आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला, पोचवतात ते कार्बन, झिजणं हाच त्यांचा धर्म. झिजले की नीट टेकत नाहीत; टिचकीने टेकतात, ते तेवढ्यापुरतेच.

1912 साली कॅडिलॅकमध्ये अमेरिकन इंजिनिअर चार्ल्स केटरिंगचा सेल्फ आला. त्याआधी लोक गाडीपुढे वाकून हँडल मारत, आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडून घेत. माझी नुसती इज्जत मोडली, म्हणजे प्रगती झालीच म्हणायची.

"दहा सेकंदांवर सेल्फ मारायचा नाही, अर्धा मिनिट दम खाऊ द्यायचा," मिस्त्री म्हणाला. टर्मिनलवरची पांढरी भुकटीही त्याने गरम पाण्याने धुतली, पुसून वर व्हॅसलीन लावलं. मग सहज विचारलं, "बॅटरी नवी दिसतीये. जुनीचं काय केलं?"

"एक्स्चेंजमध्ये दिली," मी शक्य तितक्या हळू म्हणालो.

बायको काहीच बोलली नाही. तिने ते झिजलेले कार्बन उचलले, कागदात गुंडाळले आणि पर्समध्ये ठेवले.