फक्त एक ओळ

रविवारी सकाळी पोह्यांची डिश मांडीवर घेऊन मी लॅपटॉप उघडला, तेव्हा जगाचं भलं करायचा माझा काडीमात्र विचार नव्हता. ऑफिसात पुढच्या आठवड्यात लागणारं एक ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) टूल घरी चालवून बघायचं, एवढंच. डॉक्युमेंटेशन म्हणत होतं, 'जस्ट', म्हणजे फक्त, एवढी एक कमांड द्या. दिली. स्क्रीनभर लाल अक्षरं धो धो वाहिली आणि पार तळाला खरी तक्रार निघाली : पीजी-कॉन्फिग सापडत नाही.

दोन तासांनी उलगडा झाला. हे टूल पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं, आणि त्याला पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलायला सायकोपीजी२ हे पॅकेज लागतं. ते सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, बिल्ड करायचं तर पोस्टग्रेसच्या हेडर फाइल्स मशीनवर आधीच हव्यात. उबंटू या लिनक्सवर त्या, आणि ते पीजी-कॉन्फिगही, लिबपीक्यू-डेव्ह नावाच्या पॅकेजमध्ये येतात. हे पॅकेज टाका, एवढं सांगणारी ओळ डॉक्युमेंटेशनमध्ये नव्हती. पत्रिकेत मुहूर्त, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं', सगळं छापावं आणि कार्यालयाचं नाव तेवढं राहावं, तसं.

कोणी लिहिलंय हे, म्हणून गिट ब्लेम चालवलं. कुठली ओळ कुणाची ते ही कमांड सांगते. तिचं नाव 'ब्लेम' ठेवणाऱ्याला मनुष्यस्वभाव चांगलाच ठाऊक असणार. ओळ २०१६ सालची निघाली. लिहिणाऱ्याला मी गार पोह्यांच्या साक्षीने यथेच्छ शिव्या घातल्या.

मग सद्बुद्धी झाली. असा कोड जिथे ठेवतात त्या गिटहबच्या २०१७ च्या ओपन सोर्स सर्व्हेत ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा जुनाट डॉक्युमेंटेशनबद्दल कुरकुर केली होती, आणि योगदान देणाऱ्यांतल्या ६० टक्क्यांनी आपण डॉक्युमेंटेशनला क्वचितच किंवा कधीच हात लावत नाही, असंही कबूल केलं होतं. आपण उरलेल्या चाळीसांत जाऊ, म्हटलं. एक ओळ घालायची, तो आगाऊ 'जस्ट' काढायचा. चहा उकळेपर्यंत होईल.

चहा उकळला, गाळला, संपलाही. डॉक्युमेंटेशन कसं सुधारावं याचं एक वेगळं डॉक्युमेंटेशन होतं आणि ते पायथन २ साठी लिहिलेलं होतं. पायथन २ चा कारभार १ जानेवारी २०२० लाच आटोपला. कसंबसं निभावून पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती, टाकली, तर आपोआप होणाऱ्या तीन तपासण्या लाल. ओळ ७९ अक्षरांपेक्षा लांब. शेवटी एक स्पेस जास्त. कमिटखाली, म्हणजे नोंदवलेल्या बदलाखाली, 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी सही नाही. शिवाय कमांडभोवती मी एकेकच बॅकटिक (`) दिला होता. मार्कडाउन या लिखाणाच्या पद्धतीत तेवढं पुरतं, पण इथे रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही दुसरी पद्धत होती, त्यात दोन-दोन लागतात. सोवळ्यात स्वयंपाक करणारी आमची आजीसुद्धा बोट लागल्यावर इतकं बोलत नसे.

मग माणसं आली. एकाने विचारलं, फेडोराचं, म्हणजे दुसऱ्या लिनक्सचं, काय? तिथे पॅकेजचं नाव वेगळं. दुसऱ्याने मॅक काढला. तिसरा म्हणाला, मुळात बिल्ड करायचंच कशाला, तयार बायनरी पॅकेज सुचवा. चौथ्याने सायकोपीजीचंच डॉक्युमेंटेशन पुढे केलं : प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापरात, बायनरी नको, सोर्समधूनच बिल्ड केलेलं बरं. इथवर ठीक होतं, सगळे मुद्द्याचं बोलत होते. पण पाचव्याने मथळ्याला हात घातला. 'प्रीरिक्विझिट्स' की 'बिफोर यू बिगिन'? यावर एकवीस कमेंट पडल्या.

याला 'बाइकशेडिंग' म्हणतात. अणुभट्टीचा आराखडा समितीत कुणालाच कळत नाही, म्हणून तो झटक्यात मंजूर होतो. सायकलींची शेड सगळ्यांनाच कळते, त्यामुळे तिच्यावर वाद झडतो. ही गोष्ट ब्रिटिश लेखक पार्किन्सनची, पण १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करणाऱ्या पॉल-हेनिंग कॅम्पने ती सॉफ्टवेअरवाल्यांच्या गळ्यात मारली. मला दोघांचीही गरज नव्हती. आमच्या सोसायटीच्या सभेत लिफ्टचं लाखांचं कंत्राट पाच मिनिटांत पास झालं होतं आणि गेटला चॉकलेटी रंग की राखाडी, यावर दोन म्हातारे अजून बोलत नाहीत.

"अरे, पुस्तक लिहितोयस का?" बायकोने तिसऱ्या रविवारी विचारलं.

"नाही, ओळ."

ती काही न बोलता आत गेली.

हळूहळू सगळे थकले. साठ दिवस कोणी फिरकलं नाही, तेव्हा बॉटने माझ्या ओळीवर 'स्टेल' असं लेबल चिकटवलं. शिळी! सात दिवसांत हालचाल दिसली नाही तर बंद करू, अशी वर तंबी. शिळ्या पोळीचा निदान कुस्करा तरी होतो.

सहाव्या दिवशी मुख्य मेंटेनर, म्हणजे टूल सांभाळणारा माणूस, उगवला. उशिराबद्दल माफी, म्हणाला, नोकरी सांभाळून मूल झोपल्यावर हे बघतो. माझा सगळा राग जिरला. त्याने तडजोड काढली : आत्ता उबंटू आणि फेडोरा घ्या, मॅकचं पुढच्या पुल रिक्वेस्टमध्ये बघू. मथळा आहे तसा राहू दे. आणि वाक्य तुटक वाटतंय, तर 'जस्ट'च्या जागी 'सिम्पली' घाला.

मी घातलं. त्या क्षणी मी काहीही घातलं असतं. ओळ मर्ज झाली, म्हणजे एकदाची डॉक्युमेंटेशनमध्ये गेली. मॅकचं करायचं माझ्याकडेच होतं. राहून गेलं.

परवा ऑफिसात नवी मुलगी रुजू झाली. तिला नवाकोरा मॅकबुक मिळाला आणि हेच टूल बसवायला सांगितलं. तासाभराने शेजारच्या खुर्चीतून ओळखीचा सुस्कारा आला.

"पीजी-कॉन्फिग नॉट फाउंड. आणि वर 'सिम्पली' म्हणे! सर, कोण लिहितं हो हे असलं?"

मी कॉफी आणायला उठलोच होतो, पण पोरगी हुशार निघाली. तिने गिट ब्लेम टाइप केलंसुद्धा.