उसाला किमान भाव (एफआरपी) हवा, मग कोयत्याला का नको?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर तात्यांनी परवा एक लांबलचक मेसेज टाकला. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण ग्रुपाग्रुपांतून भरपूर फिरून आलेला. असले मेसेज मी वाचून सोडून देतो. हा सोडवला नाही, कारण माझ्या भाच्यानं त्याला अंगठा दिला आणि खाली लिहिलं, 'बरोबरच हाय की, कोण जबरदस्ती करतंय?' हा पोरगा कुपवाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे बारा तासांची पाळी करतो. वरच्या चार तासांचे पैसे त्याला साध्या दरानं मिळतात. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून जादा तासांना दुप्पट द्यायचा नियम आहे. ज्याच्या खिशातून रोज पैसे काढले जातात तोच 'बरोबर आहे' म्हणत असेल, तर गप्प बसून चालणार नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पगार म्हणजे मालक आणि मजूर यांच्या मर्जीचा करार, सरकारनं त्यात पडू नये. किमान वेतन लावलं, संघटना आल्या, की कारखाने बंद पडतात. मुंबईच्या गिरण्या बघा. ऊसतोड मजूर गरीब नाही, त्याला लाख-दीड लाख उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच मिळते आणि ती बुडवून तो पळतो. मालक जोखीम घेतो, मजूर घेत नाही. आणि शेवटी त्या प्राध्यापकाची गोष्ट, ज्यानं वर्गात सगळ्यांना सरासरीचे गुण दिले आणि अख्खा वर्ग नापास झाला.

प्राध्यापकाची गोष्ट आधी बाजूला करतो. कुठल्या कॉलेजात, कुठल्या साली, कुणालाच माहीत नाही. आणि सगळ्यांना सारखा पगार द्या असं सांगली-साताऱ्यात कुणी मागतच नाही. मागणी आहे ती एका रेषेच्या खाली कुणाचा पगार जाऊ नये एवढीच. त्या रेषेच्या वर ज्याला जितकं मिळवायचं त्यानं मिळवावं. आमच्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात पार केरळ-तामिळनाडूपर्यंत दुकानं मांडून बसली. स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली, त्यांचा मला अभिमान आहे. धंदा करणाऱ्यावर माझा राग नाही.

गिरण्यांचं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत तेव्हा मुंबईहून पेटी घेऊन माणसं परत आली. संपाचे पुढारी दत्ता सामंत, त्यांनी संप कुठे थांबवायचा हे ओळखलं नाही, असं म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही. पण दोन गोष्टी मेसेजमध्ये नाहीत. एक, यंत्रं जुनाट झाली होती आणि मालकांनी त्यांत पैसा घातला नव्हता. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनींचा रस्ता मोकळा केला, तेव्हा सूत काढण्यापेक्षा जमीन विकणं परवडायला लागलं. दोन, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एका उद्योगात एकाच संघटनेला मान्यता दिली होती. आपली संघटना आपण निवडू, तो कायदा काढा, ही संपातली मोठी मागणी होती. म्हणजे सरकार तिथं आधीपासून मधे होतंच आणि कामगाराचे हात बांधून उभं होतं. त्या हस्तक्षेपाबद्दल मेसेज लिहिणाऱ्याची तक्रार नाही.

आणि सरकारनं मजुरीत हात घातला की धंदा बुडतो, तर माथाडीचं काय? पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील. त्यांनी मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारे हमाल संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मजुरी मंडळामार्फत, नोंद मंडळाकडे, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना. मुंबईचा घाऊक बाजार त्यानं बंद पडला नाही. वाशीला गेला आणि आणखी मोठा झाला. माथाडीच्या नावाखाली आज काही ठिकाणी खंडणी चालते, तेही खरं. ती मोडून काढा. पण त्यासाठी पोती वाहणाऱ्याचा निधी कशाला मोडता?

आता उचल. या मुद्द्यावर मला खरा संताप आला, कारण हे लिहिणाऱ्यानं ऊसतोड बांधावरनंसुद्धा पाहिलेली नाही.

आधी त्यातलं जे खरं आहे ते सांगतो. मजुरांची टोळी आणणारे मुकादम उचल घेऊन पळतात. आपल्या भागातले वाहतूकदार त्यात साफ बुडालेत. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, वर कर्ज काढून मुकादमाला पैसे दिले, आणि हंगामाला टोळीच आली नाही. पोलीस ठाण्यांत याच्या तक्रारी आहेत. शेतकऱ्यालाही तोड मिळवायला 'खुशाली' म्हणून वरचे पैसे द्यावे लागतात, ट्रॅक्टरवाल्याला 'एन्ट्री'चे पैसे द्यावे लागतात. हे सगळं मी नाकारत नाही. पण पैसे घेऊन पळाला तो मुकादम. बीडहून, नाहीतर आपल्याच जतमधून टोळीत आलेल्या बाईनं काय पळवलं?

उचल ही कमाई नव्हे. ते कर्ज आहे, आणि ते अंग मोडून फेडायचं आहे. दर टनावर. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला साधारण ३६६ रुपयांवर गेला. वाढ चांगली झाली, तेही म्हणतो. आता हिशेब करा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीनं दिवसात दोन टन तोडला, मोळ्या बांधल्या, गाडी भरली, तर ७३२ रुपये. दोघांचे. माणशी ३६६. पहाटे अंधारात फडात उतरायचं आणि गाडी भरून होईपर्यंत हलायचं नाही. बारा तास तर सहज. आठ तासांवर आणलं तर माणशी २४४ रुपये पडतात. महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २०२४-२५ साली २९७ रुपये होता. म्हणजे सरकारी खड्डा खणणाऱ्याला जितकं, तितकंही तासाच्या हिशेबानं ऊसतोडीत पडत नाही. जादा तासांचे दुप्पट तर कुणी बोलूसुद्धा नका. आणि या पैशातले बाईचे किती? वेगळे काहीच नाहीत. हिशेब जोडीचा, नाव नवऱ्याचं, वही मुकादमाच्या हातात. मुकादमाचं कमिशन कारखाना वेगळं देतो, हे ठीक. पण किती टन झाले आणि किती उचल फिटली, हे मुकादम सांगेल ते.

एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. ताप आला तरी, बाईची पाळी आली तरी. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात असा बोभाटा झाला तेव्हा २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. खाडा परवडत नाही, हेही त्यामागचं एक कारण. राहायच्या कोपीत न्हाणीघर नाही, संडास नाही, पोट दुखलं तर दवाखाना लांब, आणि मागं उचल बसलेली. याला तात्यांच्या मेसेजमध्ये 'मर्जीचा करार' म्हटलंय.

मर्जी म्हणजे काय, याचा निकाल या देशात १९८२ साली लागलाय. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालली होती. मजुरांना किमान वेतन होतं दिवसाला सव्वानऊ रुपये, आणि मजूर आणणारे जमादार त्यातला रुपया कापून घेत होते. लोकशाही हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेनं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयानं ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. न्यायमूर्ती भगवतींनी निकालात सांगितलं ते असं: राज्यघटनेच्या कलम २३ नं वेठबिगारी आणि सक्तीची मजुरी बंद केली आहे. सक्ती फक्त काठीनं होत नाही. भुकेनं आणि गरिबीनं माणसाला दुसरी वाटच उरत नाही, तेव्हा तीही सक्तीच. म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशांत कुणी काम करत असेल, तर ती सक्तीची मजुरी धरायची.

भाच्यानं हा परिच्छेद दोनदा वाचावा. 'कोण जबरदस्ती करतंय?' याचं उत्तर त्यात आहे. त्यानं स्वतः सही केली असेल, हसत केली असेल, तरी त्या सहीनं कायद्याची रेषा खाली सरकत नाही. कायद्यापासून पळत असेल तर तो ठेकेदार पळतोय, आणि मूळ मालकालाही हात झटकता येणार नाहीत.

'मग परवडत नाही, कारखाना बंद करतो' या धमकीलाही उत्तर दिलेलं आहे, आणि ते साताऱ्यात जन्मलेल्या माणसानं दिलंय. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर. क्राउन ॲल्युमिनियमच्या खटल्यात त्यांनी लिहिलं की ज्या उद्योगाला कामगाराला निदान किमान वेतनसुद्धा देता येत नाही, त्याला चालू राहायचा हक्कच नाही, आणि या तत्त्वाला अपवाद नाही. विट्याच्या छोट्या यंत्रमागवाल्याला हे कडू लागेल, मला ठाऊक आहे. सुताचा भाव त्याच्या हातात नाही, कापडाचा नाही, विजेचा नाही. हातात उरते ती फक्त मजुरी, म्हणून तो तिथंच कापतो. त्याला वीज-सुतासाठी मदत मागू द्या, मी त्याच्याबरोबर उभा राहीन.

जोखमीचं आता फार लिहीत नाही. फडात साप चावतो, उतारावर गाडी उलटते, ती जोखीम कुणाची?

पण सरकारच्या हस्तक्षेपाबद्दल तात्यांशी मला समोरासमोर बोलायचंय. तात्या, तुमचा ऊस आहे. त्याला एफआरपी कोण ठरवतं? केंद्र सरकार. २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलला ३५५ रुपये, साखरेच्या सव्वादहा टक्के उताऱ्याला. चौदा दिवसांत बिल नाही दिलं तर पंधरा टक्के व्याज, हा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश. बिल थकलं की तुम्ही रस्त्यावर बसता, आणि बसायलाच पाहिजे. मीही आलोय तुमच्याबरोबर. त्या वेळी तुम्ही म्हणाला नाहीत की हा माझा आणि कारखान्याचा मर्जीचा करार आहे, सरकारनं यात पडू नये. तुम्हाला पक्कं माहीत होतं की बाजारावर सोडलं तर एकटा शेतकरी कारखान्यापुढं टिकत नाही. ऊस वाळत चालला की पडेल त्या भावाला घालावा लागतो. मग कोयत्यावर जगणारा मुकादमापुढं एकटा टिकेल असं कसं मानता?

कारखान्याचंही तेच. साखर किलोला ३१ रुपयांच्या खाली विकायची नाही, हा २०१९ पासूनचा सरकारी दर. इथेनॉलचा भाव सरकार ठरवतं. एका कारखान्यापासून पंचवीस किलोमीटर हवाई अंतरात दुसरा उभा करायचा नाही, हा महाराष्ट्राचा नियम. सहकारी कारखान्याच्या भांडवलात सरकारचा हिस्सा, कर्जाला सरकारची थकहमी. या सरकारी लुडबुडीनं सहकाराचं नुकसानही झालंय. हमी मिळते म्हणून संचालकांनी बेफाम कर्जं काढली आणि कारखाने लिलावात गेले, हे आपण डोळ्यांनी बघितलं. त्यामुळं सरकार मधे आलं की सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. पण उसाला तळ, साखरेला तळ, आणि या साखळीत मजुरीला तेवढा तळ नको, हे मला मान्य नाही.

तात्यांची खरी अडचण मला कळते. तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून वजा होतो. मजुरी वाढली की बिल कमी होतं, म्हणून शेतकऱ्याला मजूर वैरी वाटतो. भांडण आहे ते या वजावटीशी. ते कारखान्याकडं आणि साखर आयुक्तांकडं न्या.

मजुरीचा तळ म्हणजे परक्या देशातनं आलेलं खूळ असंही मेसेजमध्ये सुचवलंय. रोजगार हमीचा पहिला प्रयोग आपल्याच तासगाव तालुक्यात झाला, विसापूरला, १९६५ साली, वि. स. पागे यांनी केला. पुढे त्याचा राज्याचा कायदा झाला. नोकरदारांच्या पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर त्याच योजनेसाठी सुरू झाला. गावात सरकारी काम हजर असलं की बागायतदारालाही पडेल त्या मजुरीत माणूस मिळत नाही, हे पाग्यांना तेव्हा कळलं होतं.

मजुरी वाढवाल तर ऊसतोडणीचं यंत्र येईल, ही मेसेजमधली आणखी एक धमकी. यंत्र आलेलंच आहे. त्याच्या खरेदीला सरकारनं २०२३ साली ४० टक्के, जास्तीत जास्त ३५ लाख रुपये अनुदान ठरवलं. त्यातला थोडा पैसा इकडं वळवला असता तर मजुरीचा प्रश्न थोडा तरी सुटला असता: टनाच्या दराखाली तासाचा किमान दर, टोळीतल्या प्रत्येक माणसाची कारखान्याकडं नोंद, आणि बाईच्या कामाचे पैसे बाईच्या बँक खात्यावर. हंगाम सुरू व्हायच्या आत एवढं लिहून घ्या, अशी मागणी तात्या ज्या कारखान्याचे सभासद आहेत त्याच्या वार्षिक सभेत मी मांडणार आहे. त्यांनी अनुमोदन द्यावं.