निळा फिल्टर मारला की रात्र होत नाही
सध्या एक टिप फिरतेय, दिवसाच्या फोटोचा ब्राइटनेस पाडा, निळा फिल्टर मारा, झाली रात्र. अहो नाही होत तसं! चांदणं म्हणजे चंद्रावरून परतलेलं ऊनच, ते मुळात निळं नसतंच, कमी उजेडात आपल्या डोळ्याला लाल रंग आधी दिसेनासा होतो आणि निळा त्यामानाने टिकतो, म्हणून रात्र निळसर वाटते. त्यामुळे आधी लाल-पिवळ्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, उतरवा, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला मूळ फोटो) असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटो पिवळसर दिसावा की निळसर ते ठरवणारं सेटिंग, ५५०० वरून ३२०० केल्विनच्या आसपास, निळसर बाजूला आणा. खरी चुगली करतं ते आकाश, ते वेगळं सिलेक्ट करूनच गडद करावं लागतं. आणि खिडकीत पिवळा उजेड रंगवलात तर थोडा खालच्या जमिनीवरही सांडू द्या, नाहीतर खिडकी चिकटवल्यासारखी दिसते.