रेताड जमिनीतलं बीट आणि दुप्पट युरियाचा फॉरवर्ड

दादर-ठाण्यात बसून फोनवर गावची शेती करणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर सध्या शुगर बीटचा, म्हणजे साखर काढण्यासाठी लावतात त्या बीटचा, एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: रेताड जमिनीत पेरणीलाच युरियाचा दुप्पट डोस द्या, मीठ म्हणजे जमिनीचा सत्यानाश, आणि शेणखत घातलं की बाकी काही नको. खाली 'शेतकरी बांधवांना पाठवा' आहेच.

आधी युरिया. रेताड जमीन भुकेली असते हे खरं, पण तिला साठवता येत नाही. युरियाचं अमोनियम आणि पुढे नायट्रेट होतं. नायट्रेटला धरून ठेवेल असं रेतीत काहीच नसतं, त्यामुळे दोन मोठी पाणी दिली की ते मुळांच्या खाली उतरतं. दुप्पट पैसे टाकून विहिरीलाच खत घातल्यासारखं. वर बियाला खेटून खत पडलं तर उगवण मार खाते. म्हणून थोडं पेरणीला, बाकी विरळणीनंतर, म्हणजे जादा रोपं उपटून झाल्यावर, हप्त्यांनी द्यायचं. पानांनी जमीन झाकली की हात आखडायचा. उशिरा मिळालेल्या नत्रावर, म्हणजे युरियातल्या नायट्रोजनवर, पाला माजतो, साखरेचा उतारा घसरतो, आणि रसात अमिनो नत्र (नत्राची विरघळलेली संयुगं) वाढल्याने साखरेचे दाणे नीट बनत नाहीत. ती साखर मळीत जाते.

मिठाबद्दलची धास्ती कुठून आली ते कळतं. सांगली-कोल्हापूरकडे काळ्या जमिनी क्षारपड झालेल्या आपण पाहिल्यात. पण सोडियम बिघडवतो तो चिकणमातीचा पोत, आणि रेतीत चिकणमाती नावालाच. बीटचा रानटी पूर्वज युरोपातल्या समुद्रकाठचा. या पिकात पोटॅशचं काही काम सोडियम करतो, म्हणून ब्रिटनमध्ये हलक्या जमिनीत बीटला मीठ टाकतात, तेही पेरणीच्या काही आठवडे आधी, मातीत मिसळून. कोवळ्या रोपाला ते सोसत नाही. विहिरीचं पाणी मचूळ असेल किंवा जमीन काळी असेल, तर मात्र मिठाचं नावही काढू नका.

शेणखत हवंच, रेतीत ओल त्यानेच टिकते. पण कुजलेलं. ताज्या शेणाने कंदाला फाटे फुटतात.

मेसेजमध्ये बोरॉनचा, म्हणजे पिकाला अगदी थोडं पण लागणाऱ्या अन्नद्रव्याचा, उल्लेखच नाही, याचं मला सगळ्यात नवल वाटलं. हाही रेतीतून पाझरून जातो, आणि चुना जास्त झाला की जमिनीत असलेलाही पिकाला मिळत नाही. मग गाभ्यातली कोवळी पानं काळी पडून मरतात. बाहेरची जुनी पानं तोवर हिरवीच, त्यामुळे बांधावरून पाहणाऱ्याला पत्ताच लागत नाही. कंद उभा कापला की डोक्याकडून आत उतरलेली काळी सड दिसते. हेक्टरी किलो-दोन किलो बोरॉन पुरतो. बोरॅक्समध्ये, म्हणजे बोरॉनसाठी टाकतात त्या खतात, तो जेमतेम 11 टक्के असतो, तेव्हा हिशोब त्यावरून करा. आणि माती तपासून घ्या, कारण कमी आणि विषारी यांच्यातलं अंतर बोरॉनच्या बाबतीत फार थोडं आहे.