बाळसं झडू द्या की हो!

आमच्या घरातला खाऊचा डबा बक्षिसाचा आहे. १९८८ साली आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाने सुदृढ बालक स्पर्धा घेतली, त्यात माझ्या मुलाचा पहिला नंबर आला. परीक्षक बाईंनी त्याची मांडी चिमटीत धरून पाहिली होती आणि मागे उभी असलेली मी अभिमानाने फुगले होते. डब्यावर कोरलेलं नाव अजून वाचता येतं. तो मुलगा आता अडतीसचा आहे आणि गेल्या दिवाळीपासून शुगरची गोळी घेतो.

डब्यामुळे शुगर झाली असं काही मी म्हणत नाही. पण जूनमध्ये नातवाला बूस्टरसाठी नेलं, डॉक्टरांनी वजन-उंचीचा तक्ता माझ्यासमोर सरकवला आणि मला आधी तो डबाच आठवला. नातू चार वर्षांचा. उंची १०४ सेंटिमीटर, वजन २० किलो ४०० ग्रॅम. मी म्हटलं, "अंगाने जरा भरलेला आहे हो, आमच्याकडे सगळे असेच." डॉक्टर म्हणाले, "आजी, उंचीच्या मानाने वजन जास्त आहे. डाएट-बिएट काही करायचं नाही, पोर वाढीचं आहे. वजन आहे तिथे थांबलं तरी पुरे, उंची वाढू द्या." इंजेक्शन टोचून झालं, पोरगं रडलं, आणि बाहेर पडताना काउंटरवरच्या मुलीने त्याच्या हातात लॉलीपॉप ठेवला!

खरं सांगते, रिक्षात बसल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा सुनेचा विचार आला. तिला वेळ नाही, ती डबा नीट देत नाही, वगैरे. सासूचं मन. पण बँकेत एकतीस वर्षं काढल्यामुळे एक खोड आहे, हिशोब लिहिल्याशिवाय आरोप करायचा नाही. म्हणून एका शुक्रवारी वही घेऊन बसले. तिन्ही जेवणं सोडून याच्या पोटात काय जातं आणि कोणाच्या हातून जातं, तेवढंच लिहायचं.

सकाळी साडेसातला ह्यांनी चहात बुडवून दोन बिस्किटं दिली. खाली शाळेच्या व्हॅनची वाट पाहताना वॉचमनकाकांनी त्यांच्या पुड्यातली दोन. शाळेत कोणाचा तरी वाढदिवस, म्हणजे केक आणि घरी येताना चिप्सचं पाकीट. वाण्याकडे तीन रुपये सुटे नव्हते, त्याची तीन चॉकलेटं, त्यातलं एक दुकानातच तोंडात. समोरच्या वहिनींचं दार उघडं दिसलं की हा घुसतोच. तिथे आंब्याच्या ज्यूसचं खोकं. कामाच्या मावशींनी त्यांच्या नातीसाठी घेतलेल्या पाच रुपयांच्या पुड्यातून मूठभर कुरकुरीत नळ्या काढून दिल्या. ती माया आहे, तिला नाही कसं म्हणायचं? संध्याकाळी केस कापायला नेलं, तर गप्प बसावं म्हणून सलूनमध्ये लॉलीपॉप. देवळात पेढा. बागेच्या फाटकाशी ह्यांच्या मित्राने कौतुकाने घेऊन दिलेले म्हातारीचे केस. रात्री साडेनऊला हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून बाप घरी येतो तो क्रीमरोल घेऊन. दिवसभर पोराला पाहिलं नाही याची ती भरपाई.

आणि शेवटची नोंद माझी. जेवताना मोबाइल लावून दिला, पोराने दोनदा तोंड फिरवलं तरी चार घास जास्तीचे कोंबले, वर तूप-साखरेची पोळी.

अकरा हात मोजले मी, त्यात सुनेचा एकही नव्हता.

त्या ज्यूसच्या खोक्यावरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं. साधारण चार चमचे साखर. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला तेराशे-साडेतेराशे कॅलरी लागतात, आणि वरून घातलेली साखर त्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सगळी मिळून सहा-सात चमचे. माझ्या वहीतल्या शुक्रवारी अंदाजे पंधरा चमचे झाले. यातल्या कोणीही "जास्त" दिलेलं नाही हो! प्रत्येकाने थोडंसंच दिलं.

आता बाळसं या विषयाकडे येते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. बाळसं धरतं आणि बाळसं झडतं, हे आपल्या आज्या-पणज्यांना चांगलं ठाऊक होतं. वर्षाच्या आसपास मूल गुबगुबीत असतं, मग चालायला-पळायला लागतं आणि हळूहळू सडसडीत होत जातं. उंचीच्या मानाने वजन सगळ्यात कमी दिसतं ते पाच-सहा वर्षांच्या सुमारास, आणि तिथून पुन्हा चढायला लागतं. डॉक्टर लोक हे आलेख काढून सांगतात. पुढची गोष्ट मला नवीन होती: हा चढ जर तीन-चार वर्षांतच सुरू झाला, तर ते मूल पुढे लठ्ठ होण्याचा धोका वाढतो. आणि आपण काय करतो? बाळसं झडायला लागलं की घाबरतो. "किती वाळलाय, खायला घालत नाहीस का गं?" हे वाक्य पुण्यातल्या प्रत्येक आईने जिन्यात, लग्नात, हळदीकुंकवात ऐकलेलं आहे. आपल्या भाषेत तर "तब्येत सुधारली" म्हणजे वजन वाढलं!

"आमच्याकडे सगळे असेच" हेही मी आता बंद केलंय. आपल्याच केईएम रुग्णालयात, रास्ता पेठेत, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्या मापांत लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. बारीक दिसणारी आणि आतून चरबी राखून असलेली. याज्ञिकांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. ते आणि एक इंग्रज डॉक्टर शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आपल्या पुणेकराच्या अंगात २१.२. तेव्हा गुटगुटीतपणाचं कौतुक आपल्याला तर मुळीच परवडणारं नाही.

बरं, मग एकट्या आईने काय करायचं? घरात साखर बंद केली तरी जिना उतरल्यावर दहा हात उभेच. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरात २००४ ते २००८ या काळात पाच वर्षांखालच्या सुमारे बारा हजार मुलांसाठी एक उपक्रम झाला, त्याबद्दल वाचलं. त्यांनी जाड मुलं वेगळी काढून त्यांच्या आयांना व्याख्यानं दिली नाहीत. पाळणाघरं, बालवाड्या, त्यांचे खाऊचे नियम, खेळायची जागा, अख्खं वातावरणच बदलायला घेतलं. ज्यूसऐवजी पाणी, पाकिटांऐवजी फळं-भाज्या, बसण्याऐवजी हुंदडणं. शेवटी दोन आणि साडेतीन वर्षांच्या मुलांत जादा वजनाचं प्रमाण राज्यातल्या इतर ठिकाणांपेक्षा कमी झालं. कोणा एका पोराला "तू जाड आहेस" न म्हणता.

मग मी कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीकडे नव्याने पाहिलं. दारातच पाटी आहे: "पार्किंगमध्ये मुलांनी खेळू नये. काच फुटल्यास पालकांकडून वसुली करण्यात येईल." पार्किंग सोडून मोकळी जागा कुठे आहे हे पाटीत लिहिलेलं नाही, कारण ती नाहीच. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात तीन तास हालचाल करावी, त्यात किमान तासभर दमेपर्यंत. स्क्रीन तासाच्या वर नको. झोप दहा ते तेरा तास. हे जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं मार्गदर्शन. आमचा हिरो बापाची वाट पाहून साडेअकराला झोपतो आणि सातला उठतो. आणि ती पाटी लावण्याच्या २०१६ च्या ठरावावर सूचक म्हणून कोणाची सही आहे, सांगू? माझी. माझी दुपारची झोप मोडायची ना.

मीटिंगमध्ये विषय काढला तर पहिलं वाक्य आलं, "आमच्या पोरांना काय द्यायचं ते आम्ही बघू." बी विंगमधली एक तरुण आई तावातावाने म्हणाली, "माझी मुलगी काहीच खात नाही काकू, चिप्स तरी खाते." तिला मी काय शिकवणार, कालपरवापर्यंत मीच मोबाइल लावून भरवत होते. काय आणि केव्हा ते मोठ्यांनी ठरवायचं, किती ते पोराने, एवढं डॉक्टरांचं वाक्य तिला सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. तरी दोन गोष्टी मंजूर झाल्या. वाढदिवसाला केक चालेल, पण घरी न्यायच्या पिशवीत खाण्याची वस्तू नाही. आणि पाच ते सात पार्किंगचा मागचा भाग मुलांचा, गाड्या पुढे. दुसऱ्यावर अजून रोज एक भांडण होतं.

सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना शुगर बोर्ड, म्हणजे कशात किती साखर असते ते सांगणारी पाटी, लावायला सांगितलं. पाट्यांच्या गावाला हे जमायला हवं. पण आमच्या नातवाच्या भरमसाट फीच्या प्लेग्रुपात पाटी सोडा, वजनकाटासुद्धा नाही. मावशींची नात अंगणवाडीत जाते, तिचं वजन दर महिन्याला होतं, उंची मोजतात, नोंद होते. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुरटलेली निघाली, त्यामुळे अंगणवाडीताईंचं लक्ष आधी तिकडे असणार, आणि ते बरोबरच आहे. पण जादा वजनाची मुलंही २०१५-१६ च्या पाहणीत २.१ टक्के होती, ती २०१९-२१ च्या पाहणीत ३.४ झाली. पाच रुपयांचं पाकीट वस्तीतही मिळतं आणि टॉवरखालीही.

वाणी म्हणाला, "काकू, सुटे नसतात, मी तरी काय देऊ?" म्हटलं, कोथिंबीर दे. आता देतो, कधी चार मिरच्या. वॉचमनकाकांना सांगणं सगळ्यात जड गेलं. त्यांचा स्वतःचा नातू तिकडे लातूरकडे, वर्षातून एकदा दिसतो. दोन दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी पाहते तर आमच्या नातवाच्या हातात छोटी झारी, आणि दोघं मिळून कुंड्यांना पाणी घालतायत. नळ पुढे, कुंड्या मागच्या भिंतीला. दहा तरी फेऱ्या होतात, निम्मं पाणी चपलांवर.

डिसेंबरात पुन्हा मोजलं. उंची १०७, वजन २० किलो ६००. समोरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. "अगं बाई, किती वाळला हो! दृष्ट लागली असेल." संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या मी. मग सवयीने त्याच्या हातावर खडीसाखर ठेवायला डबा शोधायला गेले. सुनेने तो सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवलाय. तिथे माझा हात पोचत नाही.