‘काकांची स्पर्धा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री दाजींनी आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. आफ्रिकेतल्या सतरा वर्षांखालील फुटबॉलच्या पात्रता फेऱ्या म्हणजे ‘काकांची स्पर्धा’, असं त्याचं शीर्षक. तिशी-चाळिशीचे लोक तिथे पोरं म्हणून खेळतात म्हणे. पुरावा म्हणून एका खेळाडूचा फोटो आणि त्याखाली ‘वय ४२’. मग मुद्दे: तिथे कोणी तपासत नाही, तपासलं तरी त्यांची हाडंच वेगळी असल्यामुळे काही कळत नाही, हाडांची वाढ पाहणारी एमआरआय चाचणी आल्यापासून आफ्रिकेचे संघ संपले, आणि असली लबाडी जगात दुसरं कोणी करत नाही. शेवटी, दहा ग्रुपवर पाठवा.

असे मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण माझा भाचा चौदा वर्षांचा आहे आणि नवी मुंबईत फुटबॉल खेळतो. त्याच्या संघात एक मुलगा आहे, आईवडील नायजेरियाचे, शाळा इथलीच. हा फॉरवर्ड मुलांच्या ग्रुपवरही फिरला आणि दुसऱ्या दिवशी सरावाला सगळ्यांनी त्या पोराला ‘काका’ म्हणायला सुरुवात केली. एका पालकाने तर त्याच्या जन्मदाखल्याची चौकशी केली. फक्त त्याच्याच. भाच्याला विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, “मामा, सगळेच म्हणत होते. मीपण म्हटलं.”

म्हणून हे लिहितोय. दाजी, राग मानू नका, पण पूर्ण वाचा.

आधी फोटो, कारण सगळा मेसेज त्याच्यावरच उभा आहे. फोटोतला खेळाडू जोसेफ मिनाला. कॅमेरूनचा. अंगावरचा आकाशी शर्ट कॅमेरूनचा नाही, लाझिओ या रोमच्या क्लबचा आहे. म्हणजे पात्रता फेरीचा पुरावा म्हणून जो फोटो फिरतोय, तो पात्रता फेरीतला नाहीच. २०१४ साली हा मुलगा लाझिओच्या युवा संघात होता. नोंदीप्रमाणे जन्म ऑगस्ट १९९६चा, म्हणजे वय सतरा. चेहरा पोक्त दिसतो, हे खरं. तेवढ्यावरून कुजबुज सुरू झाली आणि मग एका आफ्रिकी वेबसाइटने छापलं की आपण बेचाळिशीच्या आसपासचे आहोत, अशी कबुली त्याने स्वतःच दिली आहे. मिनालाने लगेच सांगितलं, मी असं काहीही बोललेलो नाही. क्लबने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. इटलीच्या फुटबॉल महासंघाने चौकशी केली आणि त्याच वर्षी त्याला निर्दोष ठरवून प्रकरण बंद केलं. इतकं सगळं होऊन बारा वर्षं होत आली. फोटो अजून फिरतोच आहे.

महासंघावर विश्वास ठेवायचा नसेल तर साधा हिशेब करा. २०१४ मध्ये बेचाळीस, तर जन्म १९७२चा. हा माणूस त्यानंतर कित्येक वर्षं इटलीच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये सालेर्निटानासारख्या संघांकडून मधल्या फळीत खेळला. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर धावतो. पंचेचाळिशीतला माणूस विशीतल्या व्यावसायिक पोरांबरोबर आठवड्यामागून आठवडा हे करतोय आणि एकाही डॉक्टरच्या, एकाही प्रशिक्षकाच्या लक्षात येत नाही? दाजी, तुम्ही पंचेचाळिशीचे आहात. टर्फवर अर्धा तास खेळलात की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. सतरा वर्षांच्या पोराचा चेहरा जगभर फिरवला आणि हजारो लोक त्याच्यावर हसले, का, तर तो आम्हाला हवा तितका लहान दिसत नाही. आमच्याकडे आठवीत मिशी फुटलेली पोरं नसतात का? त्यांना ‘मोठा झाला रे’ म्हणतो. तेच काळ्या मुलाच्या बाबतीत दिसलं की तो लबाड ठरतो. भाच्याच्या मैदानावर नेमकं हेच झालं. तो नायजेरियन मुलगा संघात सर्वांत उंचही नाही. सर्वांत उंच एक पनवेलचा पोरगा आहे. त्याला कोणी काका म्हटलं नाही.

आता दुसरी बाजू. वयचोरी होते का? होते. भरपूर होते. हे मला मान्य करावंच लागेल, कारण नाकारलं तर मीही खोटं बोलेन. जानेवारी २०२३ मध्ये मध्य आफ्रिका विभागाच्या सतरा वर्षांखालील पात्रता स्पर्धेआधी कॅमेरूनने आपल्या ३० मुलांची मनगटाची एमआरआय केली. २१ नापास झाली. तीसपैकी एकवीस! यापेक्षा लाजिरवाणा आकडा शोधून सापडणार नाही.

पण हा आकडा बाहेर कसा आला, तेही पाहा. तो कोणा युरोपियन पत्रकाराने खणून काढलेला नाही. कॅमेरूनच्या महासंघाने स्वतः चाचणी घेतली, स्वतः जाहीर केलं आणि त्या मुलांना स्वतः घरी पाठवलं. महासंघाचा अध्यक्ष सॅम्युएल एटो, बार्सिलोनाचा जुना स्ट्रायकर. स्पर्धा तोंडावर असताना नवी मुलं शोधली, त्यांनाही तपासलं, आणि त्याच संघाने अल्जेरियातल्या मुख्य स्पर्धेचं, म्हणजे सतरा वर्षांखालच्या आफ्रिका चषकाचं, तिकीट काढलं. म्हणजे खऱ्या वयाची पोरं देशात होतीच, आणि ती चांगली खेळतही होती. मोठ्या वयाचे एकवीस जण त्यांच्या जागा अडवून बसले होते.

वयचोरीत पहिला मार खातो तो हाच मुलगा. कॅमेरूनच्या दुआलातला किंवा मालीच्या बामाकोतला खरा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, ज्याची जागा एकोणीस वर्षांच्याने घेतली. आणि तो कसाबसा संघात आलाच, तर आपल्याकडचे लोक त्याचा फोटो काढून खाली ‘वय ४२’ लिहिणार.

‘कोणी तपासत नाही’ या मुद्द्याचं उत्तर इथेच अर्धं झालं. उरलेलं अर्धं असं. या पात्रता फेऱ्या आता विभागवार होतात: पश्चिम आफ्रिकेचे दोन विभाग, मध्य, पूर्व, दक्षिण आणि उत्तर. पूर्वी घरच्या-बाहेरच्या दोन सामन्यांची बाद फेरी असायची. त्या काळात, २०१६ साली, नायजेरियाच्या संभाव्य ६० मुलांपैकी २६ चाचणीत बाद झाली. नायजेरिया तेव्हा सतरा वर्षांखालचा विश्वचषक लागोपाठ दोनदा जिंकलेला संघ. पुढे पात्रता फेरीत त्याला नायजरने हरवलं. नायजर, ज्याचं नाव आपल्याकडे बहुतेकांनी तोवर ऐकलंही नव्हतं. २०२३ मध्ये दक्षिण सुदान पात्रता फेरी पार करून आला आणि मुख्य स्पर्धेच्या तोंडावर चाचणीत मुलं नापास झाल्याने अख्खा संघ बाद झाला. त्यांचा गट तीनच संघांचा उरला. २०१९ मध्ये गिनी तर मुख्य स्पर्धेचा अंतिम सामना खेळून बसला होता. नंतर निघालं की दोन मुलांच्या जन्मतारखा आधी जपानमधल्या एका स्पर्धेत वेगळ्या लिहिल्या होत्या. उपविजेतेपद गेलं, विश्वचषकाची जागा गेली, ती सेनेगलला मिळाली. कोणी तपासतच नसेल तर हे संघ कोणी काढले?

हाडांचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण अर्धवट माहितीचे लोक यावर फार बोलतात. वाढ चालू असते तोवर मनगटाजवळ, हाडाच्या टोकाला, कूर्चेचा एक पातळ थर असतो. वाढ संपली की तो हाडात मिसळून जातो. एमआरआयमध्ये डाव्या मनगटाचा हा थर पाहतात आणि त्याला सहापैकी एक श्रेणी देतात. सहावी म्हणजे थर पूर्ण मिसळला. एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग यात नाही, म्हणून निरोगी मुलांवर ही चाचणी करता येते. २००७ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये फिफाच्या डॉक्टरांचा अभ्यास आला. स्वित्झर्लंड, मलेशिया, अल्जेरिया आणि अर्जेंटिना इथली १४ ते १९ वयाची ४९६ मुलं तपासली होती. सोळा वर्षांच्या मुलांत पूर्ण मिसळलेला थर किती जणांत सापडला? एकात. ०.८ टक्के. याच्याच आधारावर २००९ च्या नायजेरियातल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापासून फिफाने ही चाचणी लावली.

तेव्हा ‘त्यांची हाडं वेगळी’ हे विधान कुठून आलं, ते पाठवणाऱ्याने सांगावं. त्या अभ्यासात आफ्रिकेचा एकच देश होता, तोही उत्तरेकडचा, ही त्याची मर्यादा आहे. ती मी लपवत नाही. दुसरी मर्यादा जास्त मोठी. ही चाचणी वय सांगत नाही. वाढ संपली की नाही, एवढंच सांगते. ज्याची वाढ उशिरा होते असा अठरा-एकोणीसचा मुलगा तिच्यातून सुटू शकतो आणि क्वचित लवकर वाढलेला खरा सोळा वर्षांचा मुलगा अडकतो. पण तिशीतला, चाळिशीतला माणूस? त्याचा थर केव्हाच मिसळून गेलेला असतो. मेसेजमधले ‘काका’ पकडायला ही चाचणी पुरेशी आहे. तिच्यातून निसटतात ते काठावरचे.

‘एमआरआय आल्यापासून आफ्रिका संपली’ हे म्हणणारा आधीच्याच ओळीत चाचणीतून काही कळत नाही म्हणाला होता. दोन्ही एकदम खरं कसं असेल? असो, याच वयोगटाच्या विश्वचषकाचे निकाल पाहा. चाचणी २००९ ला आली. नायजेरिया त्या वर्षी उपविजेता, २०१३ ला जगज्जेता, २०१५ ला पुन्हा जगज्जेता. २०१५ चा अंतिम सामना नायजेरिया आणि माली यांच्यात, म्हणजे दोन्ही संघ आफ्रिकेचे. माली २०१७ ला चौथा, २०२३ ला तिसरा.

आणि ‘दुसरं कोणी करत नाही’? मेक्सिकोने १९८८ मध्ये युवा विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेत जास्त वयाचे खेळाडू उतरवले. फिफाने देशाच्या सगळ्या संघांवर दोन वर्षांची बंदी घातली आणि त्यात त्यांचा १९९० चा मोठ्यांचा विश्वचषकही गेला. लांब कशाला जायचं, आपलं क्रिकेट घ्या. बीसीसीआय पोरांच्या मनगटाच्या हाडांची चाचणी घेते, ती कशासाठी? राहुल द्रविडने २०१५ च्या पतौडी व्याख्यानात वयचोरीला फिक्सिंगच्याच पंक्तीत बसवलं होतं, ते आपल्याच मुलांबद्दल होतं.

शिवाय कागदांबद्दल बोलताना आपण जरा जपून बोलावं. आपल्या आईवडिलांच्या पिढीत किती जणांची जन्मतारीख १ जून आहे? आमच्या घरात तीन. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली ती. युनिसेफच्या आकडेवारीनुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांची जन्मनोंद झालेली असते. जिथे मुळात दाखलाच नाही, तिथे पुढे हवी ती तारीख घालून घेणं सोपं जातं. लबाडी करणारे क्लब, एजंट आणि अधिकारी या फटीचाच फायदा घेतात. तो गुन्हा आहेच. पण कागद नसलेला प्रत्येक मुलगा गुन्हेगार नाही.

दाजी, भारतात झालेला २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक आठवतो? डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपण सगळे गेलो होतो, घाना विरुद्ध नायजर. हाच भाचा तेव्हा सहाचाही नव्हता. तो नायजर म्हणजे वर सांगितलेला, नायजेरियाला पात्रता फेरीत हरवून भारतात आलेला. दोन गोलांनी हरले आणि सामना संपल्यावर त्यांची पोरं मैदानावरच बसून रडली. तुम्हीच मला म्हणाला होतात, “अरे, लहान आहेत रे किती.” त्या पोरांच्या देशांबद्दल तुम्ही परवा हा मेसेज पाठवलात.

ग्रुपवरून तो काढून टाका. ज्या दुसऱ्या ग्रुपवर टाकला असेल तिथूनही. रविवारी सकाळी भाच्याचा सामना आहे. त्याआधी त्याने त्या मुलाची माफी मागायची, असं आमचं ठरलंय. मी बरोबर जाणार आहे. तुम्हीही या.