तळ्यातले मासे मारायचेत? सोपं आहे, मालक

उन्हाळा लागला, तळं पोपटी झालं, काठाला हिरवी साय धरली, म्हणजे मालक, अर्धं काम झालंच. उरलेलं आपण करू.

आधी माशांना खायला घाला. चुरमुरे, ब्रेड, कणकेचे गोळे. खाल्लं ते पुण्य, सडलं ते शेवाळाला खत.

नाला तळ्यातच सोडा. पुण्याचं सांडपाणी उजनीत येतं म्हणून बोंबलायचं ते वेगळं.

मग शेवाळ मारायला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. सगळ्या तळ्यात, एकाच दिवशी. तिसरा हिस्सा आज, बाकीचं दहा-पंधरा दिवसांनी, असला भित्रेपणा नको. शेवाळ एकदम मेलं की कुजताना ऑक्सिजन खातं आणि नीलहरित विषारी जातीचं असेल तर पेशी फुटून विष पाण्यात उतरतं. उकळून ते जात नाही.

कारंजं संध्याकाळी सात ते नऊ, दिवे लावून. सेल्फीची वेळ तीच ना! त्या वेळी पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो, शेवाळानंच दिवसभर उन्हात केलेला. अंधार पडला की तेच शेवाळ तो रात्रभर ओढतं. पहाटे चार ते सहाला ऑक्सिजनचा आकडा लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली जातो. मासे वर येऊन आ वासतात. कटला, रोहू आधी जातात, चिलापी शेवटी. आणि नेमकी तेव्हाच कारंज्याची मोटर बंद! वीजबिल येतं म्हणे. मेलेले मासे ट्रॅक्टरनं उचलायला डिझेल लागत नाही वाटतं? अहो, संध्याकाळचे दोन तास काढून पहाटे लावा, बिल तेवढंच येईल!

नमुना मात्र दुपारी बारालाच घ्या. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, वर चार बोटं हवा ठेवून, डिकीत टाकून. परवा मासे उलटे पडले त्या दिवशी असाच घेतला आणि उत्तर आलं, 'ऑक्सिजन समाधानकारक'.

कसला समाधानकारक? बाटली हिंदकळली की वरची हवा आत मुरते, पहाटेचं मेलेलं पाणीसुद्धा पास होईल. 300 मिलीची काचेची बुचाची बाटली पाण्याखाली भरायची, एक बुडबुडा ठेवायचा नाही, ऑक्सिजन आहे तेवढाच बांधून ठेवायला मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड तिथंच काठावर घालायचं. बी.एस्सी.च्या पोराला येतं हे, पगार घेणाऱ्याला येत नाही? आणि आपणही नाकाला रुमाल लावून फोटो टाकले, घरी जाऊन झोपलो. पहाटे पाचला काठावर कोण होतं? एक माणूस नव्हता!